उजव्या पंखाखाली

लातुरात त्या काळी पोरांना बसायला जागा मिळेना, म्हणून दस्तगीर सुताराला जेवायला सवड मिळेना. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या, त्यानं एकीत संसार ठेवून दुसरीत फिजिक्स घातलं होतं, आणि ज्याच्याकडे एकच होती तो जिन्याखाली राहायला गेला होता. मुरुडपासून मुखेडपर्यंतची पोरं इथं डॉक्टर व्हायला येत होती, आणि डॉक्टर व्हायच्या आधी प्रत्येकाला बाक लागत होतं. बाकावर पोरं पाच बसली पाहिजेत, पण लाकूड तिघांपुरतंच लागलं पाहिजे, असं क्लासवाल्यांचं शास्त्र. दस्तगीर ते निमूट पाळत होता. सकाळी रंधा हातात घ्यायचा आणि दिवेलागणीला खांदा धरून खाली बसायचं, एवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं.

एके काळी हाच माणूस फळकुटात विमानं बघत असे. जेट विमानांना तो विमान म्हणायलाच तयार नसे, ते त्याच्या लेखी दिवाळीतले बाण. त्याचा जीव दुसऱ्या महायुद्धातल्या पंख्याच्या लढाऊ विमानांवर, आणि त्यातही स्पिटफायरवर. हे खूळ त्याच्या डोक्यात भरवलं शिवप्पांनी.

शिवप्पा औसा तालुक्यातल्या एका खेड्यातले लिंगायत शेतकरी. पण तरुणपणी घरी न सांगता सिकंदराबादला पळाले, हवाई दलात भरती झाले आणि लढाईभर विमानांच्या सांगाड्याचं काम केलं. इंजिनाला हात लावायचा नाही. पंख, शेपूट, चाकं, पत्रा, कापड एवढं त्यांचं राज्य. पुढं शेती बघायला परत आले. एकदा पेरणीची तिफण दुरुस्त करायला ते दस्तगीरच्या बापाच्या दुकानी आले, आणि तिफण होईस्तोवर पंधरा वर्षांच्या दस्तगीरला त्यांनी ब्रह्मदेशातल्या धावपट्टीवर नेऊन आणलं. त्यानंतर त्यांची तिफण वरचेवर मोडायला लागली.

देवणी गाई-बैलांत जाणता माणूस अंगावरच्या रंगावरून लांबूनच हा वानेरा, हा बालंक्या, हा शेवेरा असं सांगतो, तसं शिवप्पा स्पिटफायरचे प्रकार सांगत. इंग्रजांनी त्यांना नुसते आकडे दिले होते. पाच म्हणजे पंख्याला तीन पाती, एका पंखाखाली मोठी पेटी आणि दुसऱ्याखाली लहान. मोठी पाणी थंड करायची, लहान तेल थंड करायची. आठ म्हणजे चार पाती, दोन्हीकडच्या पेट्या सारख्या, आणि शेपटीचं चाक उडाल्यावर पोटात जाणारं. चौदा म्हणजे पाच पाती, लांबोडकं नाक, आणि पंखा उलट्या अंगाला फिरणारा. पाचाला तीन आणि चौदाला पाच, हा कुठला हिशेब, असं दस्तगीरनं विचारलं तर शिवप्पा म्हणत, "साहेबाचा. आपण फक्त पाने फिरवायचे."

हरिकेनची गोष्ट तर दस्तगीर पुन्हा पुन्हा सांगायला लावी. त्या विमानाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांचा, आणि वर कापड ताणून रंग दिलेला. म्हणजे सुतारानं केलेलं विमान खरोखर लढाईवर गेलं होतं. ते ऐकलं की बापाच्या दुकानातला भुसा त्याला निराळाच दिसायचा.

पुढं बाप गेला, दुकान दस्तगीरचं झालं, आणि गल्लीच्या गणेश मंडळाचा देखावाही त्याच्याकडे आला. कधी किल्ला, कधी धरण, कधी हलणारा हत्ती. दर वर्षी अनंत चतुर्दशीला शिवप्पा सकाळच्या एसटीनं लातूरला यायचे, देखावा बघायचे, खानावळीत जेवायचे, विसर्जन बघून रात्री दस्तगीरच्या दुकानात बाजेवर आडवे व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत. वीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

त्र्याण्णव साली दस्तगीरनं मंडळाला पटवून स्पिटफायर केलं. बारा हात रुंद, खालून बांबूच्या कामट्या, वर कापड, पंखा मोटरवर फिरणारा. शिवप्पांना आधी काही कळवलं नाही. म्हाताऱ्याला चकित करायचं होतं. आणि आता त्याला विचारायची गरजही वाटत नव्हती, कारण त्याच्याकडे फोटो होता. रद्दीतून मिळालेलं एक इंग्रजी मासिक, त्यात पानभर स्पिटफायर, जमिनीवर उभं, समोरून आणि खालून काढलेलं. पाच नंबरचं. दोन्ही पेट्या स्वच्छ दिसत होत्या. दस्तगीरनं दोरा लावून त्या फोटोवरून मापं काढली होती.

शिवप्पा आले. मांडवात शिरले आणि उभेच राहिले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. दस्तगीरचा हात धरून ते विमानाखाली गेले, पंखावरून हात फिरवला, आणि मग थांबले.

"पोरा, मोठी पेटी डाव्या पंखाखाली लावलीस."

"हाव काका."

"ती उजव्याखाली असती. डाव्याखाली लहान."

मंडळाची दहा-पंधरा पोरं भोवती जमली होती. दस्तगीर चार रात्री झोपला नव्हता. संध्याकाळी मिरवणूक, त्याआधी सगळं सोडवून ठेवायचं, आणि ऐन वेळी हा म्हातारा सगळ्यांदेखत त्याच्या कामात खोट काढत होता. त्यानं मासिक आणून उघडून धरलं.

"काका, हे बघा. छापील हाय. डाव्याच पंखाखाली हाय मोठी."

शिवप्पांनी चष्मा धोतराला पुसला आणि बराच वेळ फोटो बघितला. "न्हाई," ते म्हणाले, "मी रोज त्या पेटीची जाळी पुसायचो. उजव्या अंगाला वाकून."

तेवढ्यात पोरांतला एक आगाऊ म्हणाला, "काका, तिथं विमानं पुसत होता का मैदान झाडत होता?" सगळी फिदीफिदी हसली. दस्तगीरही हसला. पोराला दटावणं तर सोडाच, त्यानं निदान गप्प राहायला हवं होतं. पण तो हसला, आणि म्हणाला, "वय झालं काका, व्हतंय असं."

शिवप्पांनी फोटोवर बोट ठेवलं, उचललं. "छापील हाय म्हंजे असंल," असं म्हणाले आणि पिशवी काखेला मारून बाहेर पडले. दस्तगीरला वाटलं खानावळीत गेले असतील. विसर्जनाच्या गडबडीत त्याला त्यांची आठवण थेट रात्री झाली. बाज रिकामी होती. दुपारच्याच गाडीनं ते गावी गेले होते.

आणि त्याच पहाटे भूकंप झाला.

लातुरातली घरं हलली, गावाकडची बसली. दस्तगीर तिसऱ्या दिवशी मदतीच्या ट्रकमधून शिवप्पांच्या गावी पोचला, तेव्हा गाव म्हणून दाखवायला दगडमातीचे ढीग तेवढे होते. शिवप्पांची बायको रत्नम्मा हिला ढिगाऱ्यातून जिवंत काढली होती. शिवप्पांना काढलं ते तसंच चितेकडे नेलं. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, समाधी करतात. पण त्या दिवसांत कोणाची रीत कोणती हे विचारायला कोणाला शुद्ध नव्हती. सगळ्या जातींची माणसं एकत्र जळाली. दस्तगीर रत्नम्माच्या समोर जाऊन उभा राहिला, तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि तो वळून ट्रकमधली पोती उतरवायला गेला. त्यानंतर आठ वर्षं त्यानं त्या गावाकडे तोंड केलं नाही.

विमानाचं नावही काढलं नाही. आपण नसतो हसलो तर काका रात्री दुकानात बाजेवर झोपले असते, हे गणित त्यानं कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मनाला एवढीच समजूत घालत राहिला की हसलो ते चुकलं, पण सांगितलं ते तरी खरं होतं. फोटो छापील होता. तेवढ्याच आधारावर त्यानं आठ वर्षं काढली.

तो आधार काढला त्याच्या मुलीनं. इकरा तेव्हा बारावीला होती. संगमेश सर म्हणून एक क्लासवाले होते. त्यांना क्लासच्या दारावर 'उंच भरारी' अशी पाटी आणि पाटीवर विमान हवं होतं. "कोणचं बी चालंल," ते म्हणाले, "फक्त वर चाललेलं दिसलं पाहिजे." दस्तगीर नाही म्हणणार होता, पण नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं. इकराला लहानपणापासून बापाची मासिकं चोरून बघायचा नाद होता. ती खुशीत येऊन सायबर कॅफेत गेली आणि एक फोटो छापून घेऊन आली.

"अब्बा, तुमच्या मासिकातलंच विमान मिळालं. तोच्च फोटो हाय, पण हा पूर्ण हाय."

दस्तगीरनं हातातली करवत खाली ठेवली. तेच विमान, तोच उंचवटा, मागं तेच झाड. फक्त झाड दुसऱ्या बाजूला होतं. मासिकात झाड उजवीकडं, इथं डावीकडं. मासिकवाल्यांनी विमानाचा मागचा भाग कापला होता; इथं तो सगळा होता, आणि त्यावर रंगवलेली मोठी इंग्रजी अक्षरं सरळ वाचता येत होती.

इकरानं मासिक आणलं, दोन्ही शेजारी ठेवले, आणि शाळेत मास्तरांच्या आधी उत्तर सांगणाऱ्या पोरीच्या उत्साहानं म्हणाली, "तुमचा उलटा छापलाय, अब्बा. आरशात बघितल्यासारखा."

मोठी पेटी उजव्या पंखाखाली होती.

दस्तगीर बाकाच्या फळीवर बसला. आता त्याला मासिकातल्या फोटोत आणखी एक गोष्ट दिसली, जी पहिल्या दिवशीच दिसायला हवी होती. पंख्याची तिन्ही पाती उलट्या अंगाला वळलेली होती, चौदासारखी. पाचाचा पंखा चौदासारखा वळत नाही, हे शिवप्पांनीच त्याला बोटानं हवेत फिरवून शिकवलं होतं. म्हणजे खूण डोळ्यांसमोर होती आणि शिकवणाराही शेजारी उभा होता. त्यानं कागदावर विश्वास ठेवला, कारण कागद इंग्रजी होता.

"काय झालं, अब्बा?"

"काई न्हाई," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं बाकं तशीच टाकली, दोन्ही फोटो पिशवीत घातले आणि औशाची गाडी पकडली.

शिवप्पांचं गाव आता नव्या जागी होतं. सरकारी घरं, सगळी एका मापाची, मधले रस्ते एवढे रुंद की शेजाऱ्याला हाक मारायची तर घसा ताणावा लागे. जुन्या गावात माणसं एकमेकांच्या ओसरीत राहायची. इथं नंबर विचारत घर शोधावं लागलं. रत्नम्मा दारात बसून शेंगा फोडत होती. सत्तरी उलटलेली, डावा हात कोपरात आखडलेला. तो त्याच पहाटेचा. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"दस्तगीर? ये बाबा. लई वर्सांनी वाट घावली."

तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. इकराचं, धंद्याचं विचारलं. दस्तगीर ओसरीत मांडी घालून बसला होता, आणि वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवत नव्हतं. शेवटी त्यानं पिशवीतून दोन्ही फोटो काढले आणि तिच्यापुढं ठेवले.

"काकू, शेवटच्या दिवशी मी काकांना चार माणसांत खोटं पाडलं. म्हणून ते थांबले न्हाईत. थांबले असते तर वाचले असते." त्यानं मासिकातला फोटो पुढं सरकवला. "अन् आता कळलं की माझंच चुकलं हुतं. हा फोटो उलटा छापलेला हाय. काका बरोबर हुते."

रत्नम्मा फोटो बघत नव्हती. तिला त्यातलं काही कळणारही नव्हतं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"पेटी," ती म्हणाली. "उजव्या पंखाखाली?"

दस्तगीर दचकला. "तुमाला म्हाईत हाय?"

"म्हाईत नसायला काय झालं? आल्यापासून तेच चाललं हुतं त्यांचं. भाकर पुढं ठिवली तर भाकर तशीच. उजवा हात लांब करायचे, खाली वाकायचे, पुसल्यासारखं करायचे, अन् म्हनायचे, न्हाई, डाव्या असंल, छापील हाय. पुन्ना उठून उजवा हात लांब." तिनं हातातली शेंग सुपात टाकली. "रातच्याला म्हनले, रत्नी, मला काई आठवंना. मी हुतो का न्हवतो तिथं, त्येचाच भरवसा वाटंना."

दस्तगीरनं मान खाली घातली. तिच्या तोंडून शिवी आली असती तर बरं वाटलं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

"अन् मी काय म्हनले सांगू?" रत्नम्मा म्हणाली. "दिवसभर राबून मी वैतागले हुते. मी म्हनले, मंग चाळीस वरीस गावाला काय थापा मारत हुता? तसंच तोंड फिरवून झोपले मी. त्येच माझं शेवटचं बोलनं."

चुलीवर चहा उतू गेला. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"आठ वरीस मला वाटलं, म्हातारा खोटा हुता, अन् मी त्येला खोटा म्हनले, एवढंच. आता तू सांगून ऱ्हायलास की तो खरा हुता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे तू सांगायला नको हुतंस बाबा."

दस्तगीर इथं ओझं उतरवायला आला होता. ते उतरलं तर नाहीच, उलट त्यातलं अर्धं त्यानं आपल्या हातानं या बाईच्या डोक्यावर दिलं होतं. त्याला उठून पळून जावंसं वाटलं. पाय मात्र उठेनात, इतका तो दमला होता. त्या एका दिवसानं नव्हे, आठ वर्षांनी. "चुकलं माझं," तो म्हणाला. "जातो मी."

"बस." रत्नम्मा भिंतीला धरून उठली. "जातोस कुठं? चार मान्सांत खोटं पाडलंस, चार मान्सांत खरं कर. मला एकलीला सांगून भागत न्हाई."

तिनं चपला घातल्या आणि आखडलेला हात छातीशी धरून ती भर उन्हात रस्त्याला लागली. दस्तगीर मागोमाग. तीन घरं ओलांडून ती ग्यानोबाच्या दारात थांबली. ग्यानोबा शिवप्पांच्या बरोबरीचा, जुन्या गावात त्यांच्याच पारावर बसणारा आणि त्यांच्या विमानांची सगळ्यांत जास्त टर उडवणारा. पारावर बसणाऱ्यांतला आता तो एकटाच उरला होता. बाजेवर उठून बसला आणि कानाला हात लावला.

"ह्यो लातूरचा दस्तगीर," रत्नम्मा ओरडून म्हणाली. "ह्येला काई सांगायचंय."

दस्तगीरनं सांगितलं. ग्यानोबाला ऐकू गेलं नाही. दस्तगीरनं मोठ्यानं सांगितलं.

"कोन चुकलं?" ग्यानोबानं विचारलं.

"मी! मी चुकलो! शिवप्पाकाका बरोबर हुते!"

"कशात?"

"इमानात! मोठी पेटी उजव्या पंखाखाली असती! त्यांनी सोताच्या हातानं पुसली हुती!"

एवढ्या रुंद रस्त्यांवरूनही आवाज पलीकडे गेला. समोरच्या घरातली सून पीठ लागलेल्या हातांनी दारात आली, तिच्या शेजारची आली, पिठाच्या गिरणीतून दोघं-तिघं बाहेर येऊन बघायला लागले. त्यांतल्या निम्म्यांनी शिवप्पांना पाहिलंही नव्हतं. एक परका घामाघूम माणूस रस्त्यात उभा राहून कुठल्या पेटीबद्दल ओरडतोय, हे कोणाला कळेना.

ग्यानोबानं मान हलवली, एकदा, दोनदा. "म्हंजे म्हातारा खरंच हुता तिथं," तो म्हणाला. "आन् आमी आपलं हसत बसलो."

"आलं ऐकू?" दस्तगीरनं विचारलं.

"आलं की."

दस्तगीरनं रत्नम्माकडे बघितलं. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण पुसायला तिनं हात वर नेला नाही.

"अजून एकदा सांग," ती म्हणाली.

दस्तगीरनं अजून एकदा सांगितलं.